चार कानांचा तेरडा

१९ ऑगस्ट

आज टपालानं वनस्पतिशास्त्राचं त्रैमासिक आलं, आणि त्यात माझा तेरडा मारून टाकलेला निघाला.

मारणारा परका असता तर एक वेळ सोसलं असतं. हा माझाच विद्यार्थी. कॉलेजात गळ्यात सतत भिंग अडकवून फिरायचा म्हणून मीच त्याचं नाव ‘भिंग’ पाडलं होतं. आता सरकारी संग्रहालयात वाळवलेल्या झाडांच्या कपाटांचा मुख्य होऊन बसलाय. त्यानं लिहिलंय की उंचावरच्या खिंडीत मी शोधलेला तेरडा ही वेगळी जात नाहीच. तो आपला साधा डोंगरी तेरडा, आणि ‘मूळ वर्णनात निरीक्षणाची चूक झाली असावी.’ असावी! म्हणजे स्वतःला खातरी नाही, तरी गाडून मोकळा.

हे सगळं मला यांनी वाचून दाखवलं. हल्ली छापखानेवाल्यांनी टाइप इतका बारीक केलाय की त्यापेक्षा मुंग्यांची रांग बरी. यांनाही अलीकडे मोठ्यानं वाचायची खोड लागलीय. पेपर, पाकिटावरचे पत्ते, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, काहीही. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग काय!

ऐकता ऐकता मी चहा ओतत होते, तो कपाबाहेर गेला. हे म्हणाले, “राहू दे, मी पुसतो.”

मी म्हटलं, “चहा पुसाल हो. हे त्यानं लिहिलंय ते कोण पुसणार?”

ही नवी वहीसुद्धा तसलीच. रेघा इतक्या फिक्या की शोधत बसावं लागतं. एक माणूस धड काम करत नाही.

२० ऑगस्ट

भिंगला फोन केला.

आधी वाद काय आहे ते लिहून ठेवते, म्हणजे माझंच डोकं ताळ्यावर येईल. तेरड्याच्या फुलाला मागच्या अंगाला, देठापाशी, दोन हिरवट पानुकल्या असतात. शास्त्रात त्यांना निदलं म्हणतात. वर्गात मी ‘कान’ म्हणायचे, पोरांच्या लक्षात राहायचं. साध्या डोंगरी तेरड्याला दोन कान. माझ्या तेरड्याला चार. दोन मोठे आणि त्यांच्या आड दोन अगदी बारीक, पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढे. सगळं भांडण त्या आतल्या दोन कानांचं.

“तू खिंडीत गेला होतास?” मी विचारलं.

“नाही, बाई. आपल्या कपाटातले सगळे नमुने तपासले. भिजवून, उकळून.”

“उकळून? तेरडा काय बटाटा आहे?”

“वाळलेलं फूल मऊ करायला उकळावंच लागतं, बाई. तुम्हीच शिकवलंत.”

“तेरड्याचं फूल म्हणजे पाण्याचा थेंब, हेही मीच शिकवलं होतं. कागदात दाबलं की त्याचं चहात पडलेलं बिस्किट होतं. त्यात तुला कान सापडणार?”

“मला दिसले नाहीत, बाई. जे दिसलं नाही ते आहे असं कसं लिहू?”

“आणि जे दिसलं नाही ते नाहीच, असं लिहिलंस ते?”

मग हळूच म्हणतो, “बाई, तुमची तब्येत कशी आहे? मागे संग्रहालयात आला होतात, तेव्हा नमुन्याचा कागद तुम्ही उलटा…”

विषय बदलायची ही कला त्याच्यात पहिल्यापासून आहे. मी फोन ठेवला.

खिंडीत जायचं. ताजं फूल फोडायचं आणि त्याच्या तोंडावर मारायचं. ठरलं.

२४ ऑगस्ट

भिंगांच्या दुकानात गेले होते. जुन्या भिंगात मधोमध डाग पडलाय म्हणून नवं घ्यायचं होतं. दुकानदारानं एकामागून एक काढून दिली, सगळ्यांना डाग. आणि तोही मधोमधच. म्हणजे सगळा माल एकाच कारखान्याचा.

“काकू, काच एकदम स्वच्छ आहे,” दुकानदार म्हणाला आणि पुन्हा पुसून दिली.

“मग हा डाग काय माझ्या घरून आणला मी?”

हे मधे पडले, त्यातलंच एक भिंग घेतलं आणि मला बाहेर काढलं. वाटेत म्हणाले, “मी येतो खिंडीत.”

“तुमचं तिथे काय काम?”

“डबा धरायला.”

शेजारीण जिन्यात भेटली. म्हणे, “एवढा खटाटोप फुलासाठी? तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ना?” म्हटलं, ज्यानं ही म्हण काढली त्यानं परसातला तेरडा पाहिला होता. डोंगरातला बघायला चढावं लागतं. चढायचं कुणाला नको असतं, म्हणून म्हणी निघतात.

३१ ऑगस्ट

पोचलो. जीपवाला बरा होता, पण तोंडाचा पट्टा बंद नाही. यांच्याशी त्याची गट्टी जमली.

वनखात्याचं विश्रामगृह म्हणजे नमुना आहे. खोलीत दिवा आहे की काजवा कळत नाही. खिडकीचे गज तर असे वाकडे बसवलेत की लाटा वाटाव्यात. सुतारानं डोळे मिटून काम केलं असणार आणि साहेबानं डोळे मिटून सही. मी राखणदाराला बोलावून सुनावलं. तो बापडा एकदा खिडकीकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी हे म्हणाले, “जा तू, चहा आण.”

२ सप्टेंबर

दोन दिवस धुकं. बसून बसून अंग आंबलं. यांनी पायाला कसलंसं तेल चोळलं, थंडीसाठी म्हणे. खोलीभर वास.

३ सप्टेंबर

सापडला!

सकाळी धुकं फाटलं तशी निघालो. हे फार मागे राहतात. दर वळणावर उभे, आणि वर म्हणतात, “काय सुंदर देखावा आहे!” पुढे पांढऱ्या पडद्याशिवाय काही नाही, आणि यांना देखावा दिसतोय. मी दोनदा खेकसले.

खिंडीच्या तोंडाशी, पाणी झिरपतं त्या कातळाखाली, मी पूर्वी जिथे पाहिला होता तिथेच आहे. गंमत अशी की सरळ बघत होते तेव्हा नुसता हिरवा चिखल. पाय टाकायला मान वळवली आणि डोळ्याच्या कडेला जांभळं चमकलं. पुन्हा सरळ बघितलं तर गायब. मान वळवली तर हजर. इथलं धुकं असले खेळ फार करतं.

दगडावर बसून फूल फोडलं. बाहेरचे दोन कान बोटाला कळले. मग आतले बघायला भिंग लावलं. पण त्या दळभद्री भिंगाचा डाग नेमका त्याच जागी! फूल सरकवलं, डागही सरकला. दुसरं फूल घेतलं. तिसरं. सुई शेवटी माझ्याच अंगठ्यात घुसली. मी भिंग दरीत भिरकावणार होते, तेवढ्यात हे पोचले, धापा टाकत.

“आण इकडे. मी बघतो.”

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“जन्मभर ठोकलेल्या गाड्यांवरचे ओरखडे शोधलेत. आण.” फूल हातात घेतलं, भिंग लावलं. “चार. स्पष्ट चार आहेत.”

मी त्यांच्या गळ्यातच पडायची बाकी होते. उतरताना भिंगला काय काय बोलायचं ते मोठमोठ्यानं म्हणत होते. हे पुन्हा मागे पडले होते. दमले असतील. खाली आल्यावर जीपवाल्याकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच होते.

४ सप्टेंबर

झालं ते सगळं लिहिणार.

सकाळी चहा पिताना एक गोष्ट टोचायला लागली. यांनी फूल घेतलं आणि श्वास घ्यायच्या आत ‘चार’ म्हणाले. मला पहिल्या वेळी ते आतले कान सापडायला अख्खी दुपार लागली होती, आणि तेव्हा माझी नजर घारीची होती.

विश्रामगृहामागच्या पाटाला साधा डोंगरी तेरडा माजलाय. पानाच्या कडेचे दात बोटाला लागतात, अंधारातही ओळखीन. त्याचं एक फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि यांच्यापुढे धरलं.

“कालचंच दुसरं आहे. बघा जरा.”

त्यांनी भिंग लावलं. “चार.”

“नीट बघा.”

“चारच आहेत गं.”

“दोन आहेत!” मी अशी ओरडले की राखणदार धावत आला. “या जातीला जगाच्या आरंभापासून दोन आहेत! काल काय दिसलं तुम्हाला? खरं सांगा.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “काल काहीच कळलं नाही. हिरवं हिरवं होतं.”

“मग चार का म्हणालात?”

“तू अंगठ्यातून रक्त काढून बसली होतीस. मी काय म्हणायला हवं होतं?”

“काही कळत नाही म्हणायचं! मी बघितलं असतं.”

“तुला दिसत नाही,” हे म्हणाले.

“भिंग खराब आहे.”

“भिंग नवं आहे.”

“काल धुकं…”

“आज ऊन आहे. आत्ता बघ.” आणि मग अगदी हळू म्हणाले, “खिडकीचे गज सरळ आहेत. मी हात लावून बघितलेत.”

मी उठून गेले आणि गजांवरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत.

सरळ आहेत.

मी त्यांच्याशी बोलत नाहीये. उद्या मी छापलं असतं, ‘ताज्या फुलात चार कान पाहिले.’ कुणी पाहिले? एका नवऱ्यानं, बायको रडू नये म्हणून! जन्मभर मी पोरांना सांगितलं, दिसलं तेवढंच लिहा. आणि माझ्याच घरात खोटा साक्षीदार. भिंगनं माझा तेरडा मारला, पण निदान उघड मारला. यांनी माझ्याकडून खोटी सही करून घेतली असती, आणि वर मायेचं पांघरूण घातलं असतं.

किती दिवसांपासून ठाऊक आहे यांना? म्हणून ते पेपरवाचन! आणि मी समजत होते की हे रिकामटेकडे आहेत.

५ सप्टेंबर

दुपारी जीप आली आणि तीतून भिंग उतरला. परवा आम्ही डोंगरावरून आल्या आल्या यांनीच त्याला जीपवाल्याच्या फोनवरून बोलावून घेतलं होतं. म्हणजे वर माझ्यापुढे खोटं बोलायचं आणि खाली येऊन लगेच खऱ्याची सोय लावायची! या माणसाचं डोकं विमा कंपनीत वाया गेलं की तिथेच असं झालं?

भिंगला आधी सगळं सुनावलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “बाई, चला वर. मला दाखवा.”

हे खाली थांबले. आम्ही दोघं गेलो. वाटेत तो पुढे आणि हात मागे धरलेला. मी तो दोनदा झटकला, तिसऱ्यांदा पाय घसरला तेव्हा धरला.

कातळाखाली चिखलात मांडी घालून बसला. सुईनं फूल उघडायला लागला.

“बाई,” तो म्हणाला. “चार.”

मला आनंद झाला नाही. दुधानं पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. माझ्या पिशवीत पाटावरचं साधं फूल होतं, ते पुढे केलं. “हे बघ. पलीकडच्या झाडाचं.”

“हे खालचं आहे, विश्रामगृहाजवळचं. दोन कान.” फूल परत माझ्या हातात ठेवलं. “माझं परीक्षेला बसायचं वय गेलं, बाई.”

“कपाटापाशी बसून लेख लिहिलास तेव्हा बसायचं होतंस!”

तो पुढची फुलं फोडत गेला. चार. चार. चार. मग म्हणाला, “आतले सरळ नाहीत, जरा आत वळलेत. आणि टोकाला लाल ठिपका आहे. हा तुमच्या वर्णनात नाही.”

नाही. माझी चित्रं काळ्या शाईची होती आणि ठिपका छपाईत उतरेना, म्हणून मी तो सोडून दिला होता. कुणालाही बोलले नव्हते. माझ्याशिवाय जगात तो कुणाला ठाऊकच नव्हता.

तेव्हा मात्र एकदा बघावंसं वाटलं. फक्त एकदा. फूल डोळ्यासमोर धरलं, मान तिरकी केली, उजवीकडून, डावीकडून. भिंगनं हात पुढे केला नाही, तेवढं त्याला कळलं.

उतरताना म्हणाला, “मी दुरुस्ती छापतो, बाई. पुढच्याच अंकात.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे म्हणजे?”

“त्याच लेखात तू आणखी तेरडे रद्द केलेस. यांनी मला सगळा लेख वाचून दाखवलाय. त्यांच्यासाठी चढलास?”

“नाही. पण त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, बाई. ते शोधणारे कुणी आता हयात नाहीत.”

“म्हणून तर विचारतेय!”

माझा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. मला स्वतःच्या तेरड्याचा राग आलाय असं मी इतके दिवस समजत होते. मी तरी भांडायला जिवंत आहे. ज्यानं पाठीवर पत्र्याचा डबा घेऊन, बूट फाटेपर्यंत चढून एक फूल आणलं आणि मग मेला, त्याच्या नावावर हा पोरगा पंख्याखाली बसून काट मारणार, आणि त्याला विचारायला कुणी नाही!

१८ सप्टेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. तरुण आहेत, चांगले असावेत. पण मला तपासून झाल्यावर यांच्याकडे तोंड करून विचारतात, “यांना हे कधीपासून होतंय?”

“यांना म्हणजे मला,” मी म्हटलं. “मी इथेच बसलेय. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.”

मग माझ्याशी बोलले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डावा परत येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे ते राखायचा प्रयत्न करतील. कडेचं दिसत राहील. “वर्षापूर्वी आला असतात तर बरं झालं असतं.”

टॅक्सीत मी यांच्यावर तुटून पडले. वर्षभर ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?

“बोललो होतो,” हे म्हणाले. “डोळे दाखवूया म्हणून कितीदा म्हटलं. तू म्हणालीस, घरातले दिवे मंद आहेत. मग मी दिवे बदलले.”

खरंच बदललेत. आमच्या घरात हल्ली लग्नघराएवढा उजेड असतो.

मी खिडकीकडे तोंड केलं. राग जायला कुठे तरी जागा लागते. ती सापडली नाही की तो छातीतच बसतो. कढ आला, पण टॅक्सीवाला आरशात बघत असेल म्हणून आवरला. यांनी रुमाल दिला. तो घेतला. एवढंच.

२९ सप्टेंबर

आता जाड मार्करनं लिहिते. पानावर जेमतेम चार-पाच ओळी बसतात. संताप आटोपशीर करावा लागतो.

भिंगनं दुरुस्तीचा मसुदा फोनवर वाचून दाखवला. ‘आदरणीय बाईंच्या मूळ निरीक्षणाकडे दुर्लक्ष झाले असावे.’ मी म्हटलं, आदरणीय काढ. आणि ‘झाले असावे’ काढ. कुणाकडून झालं? लिही, ‘मी ताजे फूल न पाहता लिहिले.’

“जरा कठोर वाटतं, बाई.”

“मारताना नाही वाटलं?”

लिहिलं त्यानं. फोनवर ऐकू येत होतं, पेन जोरात चालत होतं. मग म्हणाला, “एका शाळामास्तरांचा तेरडा आहे, उत्तरेकडच्या कड्यावरचा. मीच रद्द केला होता. ऑक्टोबरात फुलतो. मी जातोय. येता का?”

“मला काय दिसणार?”

“मला काय बघायचं ते कोण सांगणार?”

११ ऑक्टोबर

उजव्या डोळ्याचं दुसरं इंजेक्शन झालंय. डॉक्टर नको म्हणत होते तरी आले.

हे पहिल्या वळणापर्यंत आले आणि तिथल्या कट्ट्यावर बसले. “तुम्ही व्हा पुढे, मी पुस्तक वाचतो.” अर्धा चढ गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की पुस्तक यांनी आणलंच नाही. आणि पायाला चोळायची तेलाची बाटली मात्र या वेळीही पिशवीत आहे. घरी गेल्यावर विचारणार आहे, आणि सरळ उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. या घरात एकानं डोळे लपवायचे आणि दुसऱ्यानं काय काय लपवायचं ठरवलंय ते कळू तरी दे.

मास्तरांचं नाव त्या नमुन्याच्या कागदापलीकडे कुठेच उरलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी चढायचे म्हणे. कड्यावर वारा असा की टोपी टिकेना. मला दगडावर बसवून भिंग पुढे सरकला. बराच वेळ गेला.

“बाई! एक आहे. एकच झाड. फुलं पिवळट.”

“रंग नको सांगूस, रंग कुणालाही दिसतो. फुलामागची शेपूट?”

“आखूड. टोकाला वाकलेली.”

“केस?”

“नाहीत.”

“कुठे नाहीत?”

“देठावर नाहीत.”

“मी देठाचं विचारलं का? मास्तरांनी काय लिहिलंय?”

गुडघे चिखलात टेकल्याचा आवाज आला.

“कानांच्या कडेला,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “आहेत, बाई. अगदी झालर लावल्यासारखे. त्यांनी लिहिलंय तसेच. मी… मला वाटलं होतं ती कागदाची लव आहे.”

त्याचं त्यालाच ऐकू दिलं.

“मग हीही परत आणू?” त्यानं विचारलं. “एवढं पुरेल?”

“एका झाडावर? मारलंस तेव्हा घाई केलीस, आता जिवंत करतानाही घाई? आणखी झाडं शोध. सगळी अशीच आहेत का बघ.”

तो उठला. पावलं वाजत गेली, खडखड, कोरड्या दगडांवरून, वरच्या अंगाला. मी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि सगळा जोर लावून ओरडले, “अरे, पाणी वाजतंय तिकडे जा, गाढवा! तेरडा कधी कोरड्यात उगवलाय का?”